डाव्या हाताचा परिच्छेद

मला माझ्या बायकोचा हेवा वाटत होता, हे आधीच नोंदवतो. तिच्या माहेराचा किंवा रूपाचा नव्हे, आणि त्यात तिसरे माणूसही नव्हते. ती सिनेमाची गोष्ट सांगायची आणि लोक ऐकायचे, एवढेच कारण होते.

त्या वर्षांत मी चंद्रपूरकडच्या मूल गावी तांदळाच्या एका गिरणीत कारकून होतो आणि नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहरही. बातम्या म्हणजे धानाचा बाजार, वाघाने मारलेली गुरे, वैनगंगेचा पूर, मार्कंड्याची जत्रा. मजकूर दुपारच्या छोट्या रेल्वेगाडीने नागपूरला जायचा आणि नशीब असेल तर आतल्या पानावर छापून यायचा. गावात तो अंक कोणकोणत्या घरी येतो हे मला तोंडपाठ होते, इतकी ती घरे थोडी होती.

मला खरे तर सिनेमावर लिहायचे होते. नागपूरला शिकत असताना काही चांगली चित्रे पाहिली होती आणि त्यावरून मत तयार केले होते. एक सिनेमा माणसाला विचार करायला लावतो, दुसरा विचारापासून सुटी देतो. पहिला चांगला, दुसरा वाईट. हे मत मी वहीत लिहून ठेवले होते आणि गिरणीतल्या हमालांनाही ऐकवले होते. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि पोती उचलायला गेले.

धान निघून खळी मोकळी झाली, की बाजाराच्या मैदानात तंबूचा सिनेमा यायचा. एकच मशीन असल्यामुळे प्रत्येक रीळ संपले की दिवा लागायचा, लोक बिड्या पेटवायचे आणि नवीन रीळ चढेपर्यंत गप्पा मारायचे. विजेसाठी तंबूबाहेर इंजिन धडधडत असे. पडदा तंबूच्या मधोमध टांगलेला असायचा. पुरुष पुढे बसायचे, बायका पडद्याच्या मागे. कापड पातळ असल्याने चित्र दोन्हीकडून दिसायचे. मागून थोडे फिके आणि उलटे. अक्षरे उलटी दिसतात याची मागे बसणाऱ्यांपैकी कोणीही तक्रार केली नाही, कारण ती इंग्रजीत असायची आणि सुलटीही त्यांना वाचता येत नव्हती.

आमच्या गल्लीत एक रीत होती. घरचा स्वयंपाक, गुरे, लेकरे टाकून सगळ्या बायकांना तंबूत जाता येत नसे. म्हणून गल्लीतून एकीने जायचे, नीट पाहायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाकीच्यांना सगळा सिनेमा सांगायचा. ऐकताना हात रिकामे नसत. प्रत्येकीच्या पुढ्यात सूप आणि निवडायचे तांदूळ असायचे. पूर्वी आलटून पालटून कोणीतरी जायची. लग्न होऊन माझी बायको गल्लीत आली आणि तिने पहिला सिनेमा सांगितला, त्यानंतर पाळी बंद झाली. समोरच्या घरातली म्हातारी, जिला सगळे बुढी म्हणत, तिने निकाल दिला, "आता तूच जात जाय, बाई. तू पाह्यलं म्हंजे आमी पाह्यलं."

दुपारच्या सुटीत मी जेवायला घरी यायचो, तेव्हा ओसरीवर ही बैठक भरलेली असे. मी आत जेवत बसायचो. मधली भिंत कुडाची होती. सगळे ऐकू यायचे.

त्या हंगामातला पहिला सिनेमा बुरखाधारी घोडेस्वार बाईचा होता. माझ्या वर्गवारीप्रमाणे अगदी खालच्या प्रतीचा.

"मंग ते घोड्यावरून कड्याखाली उडी घेते," माझी बायको सांगत होती. "खाली नदी."

"घोड्यासकट?" बुढी.

"घोड्यासकट."

"बाप्पा! पोहता येते का तिले?"

"तिचं माईत नाई. घोड्याले येते."

सुपांचा आवाज थांबला, हसण्याचा आला. शेजारच्या टेलरच्या बायकोला वेगळीच चिंता होती. तिने विचारले, "लेकिन भाभी, सुबह से लड़ रही है वो. खाना कब खाया?"

"सिनेमात कोणी जेवत नाई, भाभी. मी चार पाह्यले. गाणं म्हनतात, मारामारी करतात, पन ताट घेऊन कोणी बसलं नाई."

"तवाच तं अशा काडीसारख्या असतात त्या," बुढी म्हणाली.

मग तलवारीचे वर्णन आले. बाई तलवार डाव्या हातात धरते, असे माझ्या बायकोने सांगितले. ती डावखुरी असेल, राजघराण्यात असतात तसे, असे ओसरीवर ठरले. मी आत भाताचा घास घेऊन थांबलो. कारण मला माहीत होते. पडद्याच्या मागून पाहिले की उजवे ते डावे दिसते. एक वाक्य बोललो असतो तर खुलासा झाला असता. मी बोललो नाही. तिला माहीत नसलेली एक गोष्ट माझ्याजवळ असावी, असे मला वाटले.

त्याच हंगामात तिला चार दिवस ताप आला. त्या वेळचा सिनेमा मी पाहून आलो होतो, म्हणून बायकांनी मलाच सांगायला बसवले. मी आधी कथानक सांगितले, मग त्यातला सामाजिक दोष सांगितला, मग बोध. बोध चालू असतानाच दोघींनी सुपे उचलली.

"झाला?" बुढीने विचारले.

"झाला."

"इतकासा? एवढ्यासाठी तो तंबूवाला इंजन काऊन चालवते बाप्पा?"

आत अंथरुणावर बायको हसली. तो आवाज मी विसरलो नाही.

याच सुमारास नागपूरच्या संपादकांचे कार्ड आले. रविवारच्या अंकात सिनेमाचे सदर सुरू करायचे त्यांच्या मनात होते. शहरातले लिहिणारे त्यांच्याकडे पुष्कळ होते. त्यांना हवे होते ते असे, की एखादे गंभीर चित्र तुमच्या भागात लागले तर तिथल्या माणसांना त्यात काय दिसले ते लिहून पाठवा. लेख चांगला उतरला तर सदर तुमचे, आणि पुढे नागपूरला बोलावण्याचाही विचार करू. मी ते कार्ड शर्टाच्या खिशात ठेवून आठवडाभर हिंडलो.

गंभीर चित्र आमच्याकडे लागत नसे, म्हणून मी ते लावायला निघालो. तंबूचा मालक अमरावतीकडचा होता, स्वभावाने मोकळा. मी त्याला रोज भेटून समजावू लागलो.

"भाऊ, तुमचं सगळं बरोबर आहे," तो म्हणाला. "पन रडाले लोकायले तंबूत कायले यावं लागते? ते काम घरी बसून होते."

"एक दिवस लावून पाहा. बाजाराचा दिवस नको. रिकामा दिवस."

"अन् तंबू रिकामा राह्यला तं?"

"पेपरात तुमच्या तंबूचा उल्लेख येईल."

त्याला ते पटले. एका सोमवारी संध्याकाळचा खेळ त्याने मला दिला.

चित्र रेल्वेतल्या एका सांधेवाल्याचे होते. रुळांचा सांधा बदलताना डब्याखाली येऊन त्याचा एक हात जातो, नोकरी जाते, बायको आधीच वारलेली, आणि घरात एक लहान मुलगी. सगळ्या चित्रात एकच गाणे, तेही दूर कोणीतरी गाते आहे असे. लोक पुष्कळ आले. माझ्यामुळे नव्हे, भोंगेवाल्याने बैलगाडीतून फिरताना "आगगाडीची भयंकर टक्कर" असे ओरडून सांगितले होते.

मी पुढच्या बाजूला कडेला वही घेऊन बसलो. वार्ताहराची सवय म्हणून मी पडद्यापेक्षा माणसांकडे बघत होतो. पहिल्या रिळानंतर दिवा लागला तेव्हा कोण उठून गेले, दुसऱ्यानंतर कोण, कोण काय बोलले, हे लिहीत होतो. "टक्कर कुठी आहे गा?" असे तीन ठिकाणाहून ऐकू आले. मधल्या रिळात पडद्यामागून एक आवाज आला. पन्नास-साठ बायकांनी एकदम श्वास ओढावा तसा. पुढे पुरुष बिडी ओढत बसले होते. पडद्यावर काय चालले आहे ते पाहण्याऐवजी मी त्या कापडाकडे पाहिले आणि पलीकडे माझी बायको आत्ता काय पाहते आहे याचा विचार करत राहिलो. तेवढ्यात तो प्रसंग संपला.

खेळ सुटला तेव्हा तंबू अर्धा रिकामा होता. मालक म्हणाला, "उल्लेख नक्की येते न, भाऊ?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीपेक्षा लवकर घरी आलो.

"घोडा नाई यात," बायकोने सुरुवात केली. "पहिलेच सांगून देते. अन् उडीही नाई."

"मंग काय आहे?" बुढी.

"एक मानूस आहे. अन् तो जेवते."

सुपे थांबली. तिने सांगायला घेतले. डब्याचे चाक, फाटलेली बाही, दवाखान्यातून परत येणारा माणूस. उजवा हात खांद्यापासून गेलेला. घरी पोरगी केस सोडून वाट पाहत बसलेली, कारण शेजारणीने वेणी घालायला नकार दिलेला.

"तो बसते तिच्या मागं. केसाचा एक पदर दातात धरते, अन् डाव्या हातानं दुसरे दोन एकावर एक टाकते. सुटते. पुन्ना धरते. पोट्टी म्हनते, बाबा, दुखते. तो म्हनते, दुखू दे, सुंदर दिसशील."

 टेलरच्या बायकोने नाक ओढले.

"मंग सैपाक करते. पोट्टीले भरवते, डाव्याच हातानं. तिले काई वाटत नाई, ते तोंड उघडते. पन सोताले जेवाची पाळी आली का तो ताट घेऊन भितीकडे तोंड करून बसते. पाठ इकडे. डाव्या हातानं जेवाचं, भाभी. जिनं आयुष्यभर त्याले शिकवलं का जेवाचा हात कोणता, ते माय त्याले वरून पाहून राह्यली असन. तो पोट्टीलेही दिसू देत नाई. उद्या ते शिकन न तसंच. असा पाठ करून जेवते तो."

बुढी म्हणाली, "थांब जरा." मग बराच वेळ कोणाचेही सूप वाजले नाही.

माझ्या बायकोने बोध सांगितला नाही. माझ्या वहीत सोमवारच्या प्रयोगाची चार पाने होती, आणि त्यात या ताटाबद्दल एक ओळ नव्हती.

त्या संध्याकाळी मी लेख लिहिला. पहिला भाग माझा: किती लोक होते, कोण उठले, टक्कर कुठे आहे असे कोणी विचारले. दुसरा भाग वेणीचा आणि ताटाचा. तिच्या बोलीची शुद्ध मराठी केली, एवढेच. 'असे एका बाईने सांगितले' हे शब्द मी घातले नाहीत. वार्ताहर कोणाचेही बोलणे टिपून घेतोच, असे मी स्वतःला सांगितले. ते खोटे होते. टिपून घेतले असे न लिहिता मी ते स्वतः पाहिले असे लिहिले. डावा हात लिहिताना मला एकदाही शंका आली नाही. तलवारीच्या वेळी ज्याला कारण माहीत होते, त्या माणसाला या हाताच्या वेळी ते आठवले नाही. परिच्छेद इतका चांगला झाला होता, की तो माझाच असावा असे मला वाटू लागले होते.

आठव्या दिवशी संपादकांचे पत्र आले. ते मी जपून ठेवले आहे. त्यांनी लिहिले होते, की हे चित्र त्यांनी स्वतः नागपुरात पाहिले आहे. त्यात माणसाचा डावा हात तुटतो, उजवा शाबूत राहतो. तो भिंतीकडे तोंड करतो ते लाजेने नव्हे. त्याच्या ताटात काही नसते आणि ते मुलीला कळू नये, म्हणून. पुढे ते लिहीत होते: उपाशी बापाचा प्रसंग मी अनेक चित्रांत पाहिला आहे, डाव्या हाताची लाज एकातही पाहिली नाही. तुम्ही पडद्याच्या मागे बसला होता काय? की मागे बसलेल्या कोणी तुम्हाला हे सांगितले? तसे असेल तर डाव्या हाताचा परिच्छेद हाच तुमचा लेख आहे. बाकीचे काढून टाकू, आणि पाहणाऱ्याच्या नावाने छापू. तसे नसेल तर चूक दुरुस्त करून उलट टपाली पाठवा.

पत्र मी गिरणीत वाचले. घरी नेले नाही. दोन वाटा होत्या आणि दोन्ही स्पष्ट होत्या. एक पोस्टकार्ड लिहून माझ्या बायकोचे नाव कळवायचे, किंवा 'डावा' खोडून 'उजवा' करायचा. मला एवढेच दिसत होते, की पहिल्या वाटेने गेलो तर रविवारच्या अंकात तिचे नाव येईल, आणि नंतर ओसरीवर, गिरणीत, स्टेशनवर लोक मला तिचा नवरा म्हणून ओळखतील. मी लेख पुन्हा लिहिला. ताटाचा भाग तीन वाक्यांवर आणला: ताट रिकामे आहे, बाप भिंतीकडे वळतो, ग्रामीण प्रेक्षकांना हा प्रसंग भिडला. सोबत चिठ्ठी जोडली, की चूक घाईने झाली.

लेख छापून आला. तंबूचा उल्लेखही आला. सदर मात्र मला मिळाले नाही. वर्षभराने नागपूरला बोलावणे आले ते मुद्रितशोधनाच्या टेबलावर. चूक मान्य करून वेळेत दुरुस्त करणारा माणूस त्या टेबलाला हवा होता, असे संपादकांनी मला हसून सांगितले. त्यांना नेमके किती कळले होते, ते मी विचारले नाही.

नागपुरात बायकोचे सांगणे थांबले. तिथल्या शेजारणी स्वतः थिएटरात जात. कोणाला कोणाकडून ऐकायची गरज नव्हती. मला वाटले होते, की यामुळे माझा हेवा संपेल. तो संपला नाही. ती स्वयंपाक करताना गप्प असली, की हेवा नुसता बसून राहायचा.

मग ते चित्र नागपुरात पुन्हा लागले, सकाळच्या खेळाला. तिने ते पाहायचा हट्ट धरला. मला टाळता आले नाही. आम्ही पहिल्यांदाच पडद्याच्या एकाच बाजूला, शेजारी शेजारी बसलो. सांधेवाला दवाखान्यातून परत आला, तेव्हा ती पुढे सरकली.

"हे उलटं झालं," ती कुजबुजली. "उजवा हात आहे त्याले."

मी खुर्चीत मागे सरकलो.

ताटाचा प्रसंग आला. या वेळी मी पाहिला. बाप उजव्या हाताने रिकाम्या ताटात बोटे फिरवतो.

"अहो, याच्यात तं काईच नाई," ती म्हणाली. "मंग मी पाह्यलं ते?"

बाहेर आल्यावर मी तिला पडदा, मागची बाजू, उलटे चित्र, सगळे समजावले.

"अन् तुमाले हे पहिलेपासून माईत होतं?"

"हो."

"तलवारीच्या टायमालेही?"

"हो."

घरी गेल्यावर मी पत्र काढून दिले. ती चौथी शिकलेली होती. संपादकांचे अक्षर किरटे होते, तिला वेळ लागला. 'पाहणाऱ्याच्या नावाने' या ओळीवर तिने बोट ठेवले.

"म्हंजे माह्या नावानं?"

"हो."

तिने पत्र होते तसे घडी करून परत दिले. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरते बोलली. मी कारण विचारले नाही. ते माझ्याच हातात होते.

त्या वर्षी शिवरात्रीला आम्ही मार्कंड्याला गेलो, आणि येताना मूलला जुन्या गल्लीत उतरलो. बुढीला आता कमी दिसत होते. दुपारी ओसरी भरली. मी आत बसलो, कुडाच्या त्याच भिंतीला टेकून.

"त्या रेल्वेवाल्याची सांग," बुढी म्हणाली. "बम दिवस झाले."

माझ्या बायकोने सांगितली. चाक, बाही, वेणी. ताटापाशी येऊन ती थांबली.

"दायाँ हाथ कटा था ना, भाभी?" टेलरच्या बायकोने विचारले.

"हे पाहा," माझी बायको म्हणाली, आणि ती दाराच्या दिशेने जरा मोठ्याने बोलते आहे असे मला वाटले. "मी नागपूरले पुढून पाह्यला. पुढून पाह्यलं तं डावा तुटते, अन् ताट रिकामं असते. मागून पाह्यलं तं उजवा तुटते. आपन मागून पाह्यला."

"मंग बरोबर आहे," बुढी म्हणाली. "डाव्या हातानं जेवते. पुढं सांग."

तिने पुढे सांगितले. भिंत, पाठ, वरून पाहणारी आई. या वेळी तिने ते पूर्वीपेक्षा सावकाश सांगितले, आणि सुपे पूर्वीइतकाच वेळ थांबली.

सगळे झाल्यावर बुढीने आत हाक मारली, "पेपरवाले, तुमी कुठून पाह्यला होता तवा?"

"पुढून," मी म्हणालो.

"हो का," ती म्हणाली. "म्हंजे तुमाले नाई दिसलं."